पाठ केलेलं घर

जगतपुऱ्यातल्या आमच्या घरात खालून वरच्या खोलीपर्यंत एकोणीस पायऱ्या आहेत. अकरा चढल्या की वळण, मग आठ. वळणावरची फरशी उचकटलेली आहे, तिथे पाय जरा उचलून टाकावा लागतो. ओट्यावर साखरेचा डबा डाव्या हाताला, मिठाचा थेट भिंतीला टेकून, आणि गॅसचं पहिलं बटण सैल. हे सगळं मला इतकं पाठ होतं की डोळे मिटून स्वयंपाक केला असता. खरं सांगायचं तर दीड वर्ष मी जवळजवळ तसाच करत होते.

माझ्या नजरेच्या कडा गेल्या होत्या. मधलं दिसायचं, चांगलं दिसायचं, सुईत दोरा ओवता यायचा. पण बाजूचं जग कुणीतरी हलक्या हाताने पुसून घेतलं होतं. समोरच्या माणसाचं नाक दिसायचं, कान दिसायचे नाहीत. दिवेलागणीला बल्बभोवती रंगीत कडी उमटायची. आणि हसू नका, पण सुरुवातीला मला ते आवडायचं. जयपूरच्या थंडीत सकाळी गच्चीवर गेलं की धुक्यात सगळंच विरघळलेलं असतं. माझं न दिसणं कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं हेच कळायचं नाही. त्यातून एकदम एखादा लाल पतंग यायचा, अगदी मधोमध, थोडा वेळ थरथरायचा आणि कुठल्या कुठे जायचा. मी शाल गुंडाळून बघत राहायचे आणि खाली दूध उतू जायचं.

कॉलनीतल्या मोफत तपासणीत एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "काचबिंदू वाटतोय. मोठ्या दवाखान्यात लगेच दाखवा. थेंब सुरू केले तर आहे ते टिकेल." मी त्या कागदाची घडी घातली आणि देव्हाऱ्याच्या कपड्याखाली सरकवून दिली.

आता म्हणाल, अशी कशी हो ही बाई? त्याचं असं आहे, आमचं आयुष्य रेल्वेत गेलं. आम्ही मूळचे अकोल्याकडचे, हे इंजिन ड्रायव्हर, बदली होत होत जयपूरला आलो आणि इथेच घर बांधून राहिलो. ड्रायव्हरच्या घरात डोळ्यांच्या मेडिकलची धास्ती काय असते ते बाहेरच्याला नाही कळायचं. डोळे नापास झाले की माणूस इंजिनावरून खाली उतरलाच. मग ऑफिसात एका कोपऱ्यात स्टूल, आणि फायली इकडून तिकडे. आमच्या क्वार्टरमध्ये अशी दोन माणसं होती. त्यातल्या एकाची बायको म्हणायची, "घरी येतात हो, पण आलेले वाटत नाहीत." म्हणून लोक मेडिकलच्या आधी भिंतीवरची अक्षरांची पाटी पाठ करायचे, वरून खाली आणि खालून वर. ह्यांची पाटी तर मीच म्हणवून घ्यायचे, पोळ्या लाटता लाटता. तर माझ्यावर वेळ आली तेव्हा मी काय करणार? मी घर पाठ केलं.

कळलं असतं तर पुढचं सगळं ठरलेलं होतं. मुलगा येऊन आम्हाला पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेणार. वरची खोली बंद, गॅस बंद, मी खुर्चीत. ती वरची खोली म्हणजे माझा जीव की प्राण. मुलानेच ती इंटरनेटवर टाकली होती, परदेशी पाहुण्यांसाठी. कुठून कुठून माणसं यायची, आमच्या ताटात जेवायची, भरताला नाक पुसत पुसत वाहवा म्हणायची. अकोल्याची मी, कधी विमानात पाय ठेवला नाही, पण अर्धं जग माझ्या ओट्यापाशी येऊन उभं राहिलं होतं. ते सोडायला मी तयार नव्हते.

त्या जानेवारीत ती आली. हॉलंडची, पस्तिशीची, दिल्लीत दोन वर्षांसाठी नोकरीला होती आणि सुट्टीत आठ दिवस राहायला आली होती. तिला अजिबात दिसत नव्हतं. बरोबर कुत्रा, मोठा, गव्हाळ रंगाचा, अंगावर पट्टे आणि पाठीवर धरायला दांडा. आमचे हे दारातच म्हणाले, "बाप्पा! याला पण जेवण लागेल का?" ती हसली. तिचं हिंदी मोडकं आणि माझं मराठी वळणाचं, त्यामुळे आमचं मस्त जमलं.

पहिल्याच चहाला तिने नियम सांगितले. दांडा लावलेला असेल तेव्हा कुत्रा कामावर आहे, त्याला हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. दांडा काढला की लाड करा खुशाल. पण खाणं कधीच नाही. "तो फक्त माझ्या हातचं खातो. रस्त्यात कुणीही काहीही टाकतं, तिकडे तो वळला तर मी पडेन." ह्यांनी मान डोलावली, मग तिला मान दिसत नाही हे लक्षात येऊन मोठ्याने "हो हो" म्हणाले. मीही हो म्हटलं.

मी तिला विचारलं, हॉटेल सोडून घरातच का राहतेस? ती म्हणाली, "हॉटेलच्या खोल्यांना वास नसतो. घरात पहिल्याच सकाळी कळतं की आपण कुठे आहोत." सकाळी ती गच्चीवर उन्हात बसायची, कुत्रा पायाशी. तो कसा पायरीच्या कडेला थांबतो, ती पावलाने चाचपते, मग पुढे होते, हे मी माझ्या अरुंद नजरेने बघत राहायचे. मला तिचा हेवा वाटायचा. दिसत नसणाऱ्या बाईचा मला हेवा वाटत होता, कारण तिला काहीच पाठ करावं लागत नव्हतं.

तिच्याकडे गोष्टी तरी किती! तिच्या देशात म्हणे ऐकू न येणाऱ्यांना दाराची घंटा वाजली की पंजा लावून सांगणारे कुत्रे असतात. फिट येणाऱ्या मुलाजवळ झोपणारे असतात. कुठेतरी लहानसे घोडेसुद्धा शिकवलेले आहेत, माणसाला वाट दाखवायला. ऐकता ऐकता त्या कोवळ्या उन्हात माझा डोळा लागला. बघते तर आमच्या गल्लीतली सगळी जनावरं कामाला लागलेली. चौकातला लंगडा कुत्रा शेजारच्या आजोबांना दूध आणायला नेतोय, गाय एका म्हातारीची काठी होऊन चाललीय, आणि लग्नाच्या वरातीतला सजवलेला उंट माझ्या दारात गुडघे टेकून बसला आहे, मला कुठे जायचंय ते विचारत. मला कुठे जायचं होतं ते आठवेना. जाग आली तेव्हा कुत्र्याचं डोकं माझ्या पावलावर होतं, गरम गरम, आणि मला उगीचच रडू आलं.

आणि मग मी माती खाल्ली. आमच्या घरी शेवटची पोळी कुत्र्याची. माझ्या सासूबाई अकोल्यात घालायच्या, इथे जयपुरात तर सगळी गल्लीच घालते. लग्न झाल्यापासून मी शेवटची छोटी पोळी लाटल्याशिवाय तवा उतरवलेला नाही. आता घरात कुत्रा बसलेला, तो बिचारा तिने बरोबर आणलेल्या त्या वाळक्या गोळ्या कुडकुड चावतोय, आणि मी पोळी घेऊन बाहेरच्या कुत्र्याला शोधत जाऊ? माझ्याच्याने होईना. तिसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेलेली असताना मी पोळीला तूप लावलं आणि स्वयंपाकघराच्या दारात त्याच्यापुढे धरली. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, विचारल्यासारखा. मी म्हटलं, "खा रे राजा, कुणी नाही बघत." दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून दारात आला. त्याच्या पुढच्या दिवशी मी गूळसुद्धा घातला.

संक्रांतीला इथे आभाळच दिसत नाही, इतके पतंग. गच्च्यागच्च्यांवर गाणी, तिळाचा वास, आणि रस्त्यावर लोक पुण्य म्हणून गाईंना चारा आणि कुत्र्यांना पकोडे घालत असतात. ती म्हणाली, कोपऱ्यापर्यंत जाऊन हा आवाज ऐकून येते. पंधरा मिनिटांत शेजारचे दोघे तिला धरून घेऊन आले. हाताचं कोपर सोललेलं, मनगट सुजलेलं, एक पाय गुडघ्यापर्यंत नाल्याच्या चिखलात बुडून आलेला. कुणीतरी पकोडा टाकला, आणि दोन वर्षं कधी न वळलेला कुत्रा वळला.

हे नुसते तापले. "या लोकांना काही अक्कल? आणि आपल्या घरात तर कोणी दिलं नाही ना बाप्पा!" ती शांतपणे एवढंच म्हणाली, "कुणीतरी दिलंय. रोज दिलंय. एकदा खाऊन तो असा वागणार नाही." मी हळदीचा लेप कालवत होते. मी कालवतच राहिले. ती वर निघून गेली, कुत्रा मागे, आणि मी ओट्याला धरून उभी राहिले. मला माझीच शरम वाटत होती.

दुपारी दोनला धीर केला. लेपाची वाटी घेतली आणि निघाले. अकरा पायऱ्या, पाय उचलला, वळणावर टाकला, आणि तो मऊ कशावर तरी पडला. कुत्रा केकाटला, वाटी खणखणत खाली गेली, मी भिंतीवर आदळून तिथेच बसले. तो वळणावर उन्हाच्या पट्ट्यात ऐसपैस झोपला होता.

ती दारात आली. "लागलं का?" म्हणाली. मग माझ्याजवळ पायरीवर बसली, आधी कुत्र्याचा पंजा चाचपला, मग माझा हात. मी एका दमात सांगून टाकलं, की पोळी मी दिली, तूप लावून दिली, गूळही दिला, मी पापीण आहे.

"मला राग आलाय," ती म्हणाली. "खूप आलाय. त्याला हे विसरायला कितीतरी आठवडे लागतील, तोवर मला त्याच्यावर विश्वास टाकता येणार नाही." मी मान खाली घातली. मग ती म्हणाली, "पण तो केवढा मोठा आहे. ऊन पडलंय ना? मला कातडीला लागतंय. तुम्हाला तो दिसला कसा नाही?"

मी म्हटलं, लक्ष नव्हतं.

"तुम्ही कप ठेवायच्या आधी टेबलावर बोटं फिरवता. दारातून जाताना नखं चौकटीला लागतात. मला पहिल्या दिवशीच ऐकू आलं होतं. मी पण असंच करायचे. आईपासून सहा वर्षं लपवलं. औषधाने जेवढं राहिलं असतं, तेवढं त्या सहा वर्षांत गेलं." आमच्या दोघींच्या मध्ये कुत्रा पंजा चाटत होता. वर गच्च्यांवर कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि सगळीकडून "वो काटा" ओरडा झाला. मी तोंडाला पदर लावून रडले.

खाली येऊन मी देव्हाऱ्यातला कागद काढला आणि ह्यांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला. मग आवाज चढला. "दीड वर्ष! गॅसपाशी उभी राहून राहिली तू, आणि दिसत नाही? मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही मला इंजिनावरून उतरवलं असतं."

"मी?" त्यांचा आवाज एकदम बसला. "अगं, पाटी तूच घ्यायची ना माझी? माझे डोळे चांगले होते. नुसतं भ्या वाटायचं म्हणून पाठ करायचो. तुझे खरंच गेले आणि तू बोलली नाही." ते मोरीत गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. ते माझ्यावर चिडणार हे मला ठाऊक होतं. ते रडतील असं मला वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. दीड वर्षापूर्वी आला असतात तर बरंच हातात राहिलं असतं. आता थेंब कधी चुकवायचे नाहीत, मग उरलेलं धरून ठेवता येईल. मुलगा फोनवर पुण्याची भाषा करू लागला तेव्हा ह्यांनी मध्येच त्याला तोडलं, "खोली चालू राहील. चहा मी करतो, पोळ्या ती करेल. तू तुझं बघ."

पाहुणीने जाण्याआधी ह्यांना एक धडा दिला. हिचा हात तुम्ही धरून ओढायचा नाही, हिने तुमचं कोपर धरायचं, आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चालायचं. ह्यांनी अंगणात तिच्याबरोबर दोनदा सराव केला. कुत्रा बसून बघत होता. ती दिल्लीला गेली त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तसेच गल्लीत निघालो. इतक्या वर्षांच्या संसारात भर रस्त्यात मी पहिल्यांदा ह्यांचा हात धरला होता. लाज वाटत होती, आणि पावलं हलकी पडत होती.

चौकात आमचा नेहमीचा भाजीवाला, माझ्याच वयाचा, हातगाडी घेऊन उभा होता. "क्या हुआ आंटीजी? तबीयत?"

हे घाईने म्हणाले, "कुछ नहीं भैया, ठंड है ज़रा."

मी म्हटलं, "मुझे दिखता नहीं है, भैया. डेढ़ साल से."

ते शब्द मी पहिल्यांदा उघड्यावर बोलले. ह्यांचं कोपर माझ्या हातात एकदम ताठ झालं. भाजीवाला तराजू धरून तसाच थांबला.

"डेढ़ साल से?" तो म्हणाला. "आप बिना देखे मटर उठा के ले जाती थीं. मैं घर में बोलता था, एक आंटीजी हैं, जो मुझ पर भरोसा करती हैं."

चाचपडताना कुणी बघू नये म्हणून मी न निवडता उचलायचे. त्याने मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत ठेवल्या आणि म्हणाला, दाबून बघा. मी एकेक शेंग बोटांनी दाबून पाहिली. सगळ्या भरलेल्या होत्या.