आमच्या वस्तीवरची केनियाची पाहुणी

रविवारची चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "केनियाच्या मंडळीतून चौघीजणी आपल्या भेटीला येताहेत. त्यांतली एक तुमच्याकडे ठेवायची आहे. बारा दिवस."

मी हो म्हटलं, पण घरी पोचेपर्यंत मनात शंका सुरू झाल्या. आमचं घर देवळाली प्रवराच्या बाहेर, वस्तीवर. तिन्ही अंगांना ऊस. मी अंगणवाडीत सेविका, इंग्रजी जेमतेम. मालक साखर कारखान्यात पाळीवर. घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणते मी त्यांना, सत्तरी ओलांडलेल्या. परदेशातलं माणूस आपल्याकडे आजारी पडलं तर? पाणी बाधलं तर? तिच्या पासपोर्टची झेरॉक्स द्यायला पोलीस ठाण्यात गेले, तर हवालदाराने नुसतं वर बघितलं तरी मी दोन पावलं मागे सरकले.

पण खरी भीती मी कोणालाच सांगितली नव्हती. त्या जानेवारीत आमच्या भागात ऊसतोड चालू होती. ऊस तुटला की त्यातला बिबट्या उघडा पडतो आणि वस्तीकडे सरकतो. शेजाऱ्यांची शेळी त्याने दावणीवरून नेली होती. वनखात्याच्या माणसांनी ओढ्याकाठी पिंजरा आणून ठेवला होता. हे पाळकसाहेबांना कळलं असतं तर त्यांनी पाहुणी दुसरीकडे ठेवली असती. मंडळीत एवढा मान पहिल्यांदाच मिळत होता. मी गप्प बसले.

पाहुणी आली. उंच, हाडापेराने मजबूत, पन्नाशीची विधवा. तिकडे दवाखान्यात सुईण होती. पहिल्याच संध्याकाळी आत्याबाईंनी मंडळीतल्या रीतीने "सलाम" म्हणत तिचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. दुसऱ्या दिवशी ती मला "दादा" म्हणायला लागली. आत्याबाई हसून बेजार. "अगं, बाईला कुनी दादा म्हनतं व्हय?" मग कळलं, त्यांच्या भाषेत बहिणीला दादा म्हणतात.

मी तिला बजावलं, "अंधार पडल्यावर बाहेर नको. सकाळीही उजाडल्याशिवाय नको."

"का?" तिने विचारलं.

"कुत्री," मी म्हणाले. "फार कुत्री आहेत इथं."

बिबट्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी चुलीवर पाणी ठेवलं आणि चहाला हाक मारली. ओ आली नाही. तिची खाट रिकामी. आत्याबाईंचीही. घरात संडास असताना आत्याबाई अजून पहाटे बांधावरच जायच्या. हजारदा भांडले होते त्यासाठी. दार नुसतं लोटलेलं होतं आणि बाहेर एवढं धुकं की गोठासुद्धा धड दिसत नव्हता. मालक कारखान्यावरून यायचे होते.

तेवढ्यात उसाच्या बाजूने कुठलंसं कुत्रं एकदाच केकाटलं आणि गप्प झालं.

मी पितळी ताट आणि उलथनं उचललं. खरं सांगते, उंबऱ्यात मी काही क्षण उभीच राहिले, आणि माझ्या मनात आत्याबाईंच्या आधी आलं ते असं, की आता मी पाळकसाहेबांना काय तोंड दाखवू. मग ताट बडवत, ओरडत धावले.

त्या दोघी बांधावर होत्या. पाहुणीने आत्याबाईंना काखेत हात घालून उभं उचललं होतं, लहान पोरीसारखं, आणि छातीशी घट्ट धरलं होतं. आत्याबाईंचे पाय अधांतरी लोंबत होते. दहा-बारा पावलांवर उसाच्या कडेला तो बसला होता. पळत नव्हता की पुढे येत नव्हता. नुसता बघत होता, आणि त्याच्या शेपटीचं टोक हलत होतं.

मी ताट बडवलं. त्याने माझ्याकडे मान वळवली. मी बडवतच राहिले. मग तो उठला आणि उसात शिरला. उसाचं वाळलं पाचट वाजलं तेवढंच.

"मागं मागं चला, पाठ नका दावू," आत्याबाई कुजबुजल्या. आम्ही तशाच मागे सरकत घरापर्यंत आलो. दाराला कडी घातल्यावर पाहुणी जमिनीवरच बसली. तिचे दात एकमेकांवर आपटत होते. आत्याबाई एकट्या निघाल्या म्हणून ती सोबतीला गेली होती, आणि त्या बांधावर बसलेल्या असताना तिला उसात काहीतरी हललेलं दिसलं होतं. कुत्रं समजून ती आधी पुढे गेली होती.

कुत्रं समजून.

थोड्या वेळाने तिने मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी हो म्हणून मान हलवली. ती उठून आत्याबाईंच्या खाटेशी जाऊन बसली. आमच्याकडे लोकांना वाटायचं, आफ्रिकेतली बाई, हिने सिंह-वाघ रोजचे पाहिले असतील. ती उसाच्याच मुलखातली होती आणि असलं जनावर तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं.

बातमी कळून दुपारी पाळकसाहेब तिला न्यायला गाडी घेऊन आले. नगरला चर्चशेजारी एक खोली रिकामी होती. तिची बॅग मीच भरायला घेतली. मला सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याचीच लाज वाटत होती. आत्याबाई खाटेवरून उठल्या आणि बॅगेवर जाऊन बसल्या.

"हिला कुठं न्हेता? माझी लेक हाय ही. लेकीला भ्या वाटलं म्हनून कुनी घराबाहेर काडतं का?"

पाळकसाहेबांनी त्याचं इंग्रजी करून सांगितलं. पाहुणीने आत्याबाईंचा हात धरला. मग माझ्याकडे वळून सावकाश, मला कळेल असं म्हणाली, "मी राहते. पण मला घाबरवायला घाबरू नकोस. बहिणीला खरं सांगतात."

आणि मग तिने स्वतःचं सांगितलं. घरून निघताना तिने मुलांना थाप मारली होती, की मोठ्या शहरात, हॉटेलात उतरणार आहे. कोणा अनोळखी माणसांच्या घरी एकटं राहायचं, या विचाराने इथे येईपर्यंत तिचा डोळा लागला नव्हता. आमच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा तिला परत फिरावंसं वाटलं होतं. आमचीच भीती वाटली होती तिला!

उरलेले सात दिवस आम्ही तिघी एकमेकींना सोडून कुठे गेलो नाही. आत्याबाई निमूटपणे घरातल्या संडासात जायला लागल्या. भीती काही गेली नाही. पाचट वाजलं की तिघींचेही हात थांबायचे. पण ती वाटून घेतलेली होती. पाहुणी गेली त्या दिवशी आत्याबाई जेवल्या नाहीत. पिंजऱ्यात पुढे एक कुत्रं सापडलं. बिबट्या सापडला नाही.

आता तिच्या मंडळीने आमच्याकडून चौघींना बोलावलंय. माझं नाव त्यात आहे. माझा पासपोर्ट आलाय, तिकीट पुढच्या महिन्याचं आहे, आणि मी आजवर विमान फक्त आभाळातच पाहिलंय. परवा तिने फोनवर विचारलं, "दादा, घरी काय सांगून निघणार आहेस?"

"तुझ्याकडे येतेय म्हणून," मी म्हणाले. "आणि मला फार भीती वाटतेय."

"बरं," ती म्हणाली. "मासे खातेस का, ते सांग."