नगरला गाडी बदलताना

प्रवासाला निघायचं असेल तर आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायचं, हे मला आईने शिकवलं. सकाळी चहा घ्यायचा तोही अर्धा कप, आणि बशीत ओतून, म्हणजे पुष्कळ प्यायल्यासारखं वाटतं. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण आहे. भरपूर पाणी प्यावं, असं फळ्यावर लिहून लिहून माझे किती खडू संपले असतील, आणि दर शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी स्वतः कोरड्या घशाने गाडीत बसायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मी राहते कोल्हारला. आई जामखेडजवळच्या आमच्या गावी एकटी राहायची. मधे नगरला गाडी बदलावी लागते. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण कंडक्टर अजून ‘चला, नगरवाले उतरा’ असंच म्हणतो. तिथे तासभर तरी जातो. त्या तासातली पहिली पाच मिनिटं बायकांच्या स्वच्छतागृहात आणि उरलेली त्याच्या दारात, हा माझा नेम होता. दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाई बसते. तिला सगळ्या मावशी म्हणतात. वय माझ्याएवढंच असेल. हातात खराटा, शेजारी बादली, मागे भिंतीला खुंट्यांची रांग. आत जाणाऱ्या बाईने पिशवी त्या खुंटीला अडकवायची, कारण आत ओल्या फरशीवर ती ठेवणार कुठे? येणारी जाणारी प्रत्येक बाई घाईत असते. मावशीशी थांबून बोलणारी मी एकटीच असेन.

“आल्या का बाई?” ती म्हणायची.

“आले.”

“आज उशीर केला गाडीनं.”

संभाषण म्हणून हे फार नाही, मला कळतं. पण माझं लग्न फार वर्षांपूर्वी मोडलं, मूलबाळ नाही, आणि शाळेत जो तो आपल्या मोबाईलमध्ये. आठवड्यातून माझी वाट बघणाऱ्या बायका दोनच. एक जामखेडच्या बाजूला उंबऱ्यात, दुसरी नगरला मुतारीच्या दारात.

पाच वर्षांपूर्वी मी कोल्हारला घर बांधलं. दोन खोल्या, पण पक्क्या. त्यातली एक आईची. तिच्या खोलीला लागून वेगळं न्हाणीघर आणि बसायचा संडास, भिंतीला धरायला दांडी. गवंडी हसला. “एकट्या मानसाला दोन-दोन कशाला बाई? नाकापेक्षा मोती जड.” मी त्याला म्हटलं, नाक माझं आहे, तू फरशी नीट बसव.

जागा मी मुद्दाम तिथे घेतली होती. मी लहान असताना आई-वडील ऊसतोडीला त्याच पट्ट्यात यायचे. प्रवरेच्या काठच्या रानात त्यांची उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, असायची. गावाहून निघालेल्या ट्रकमध्ये भांडी, शेळ्या, कोयते आणि बायका एकत्र कोंबलेल्या. पुरुषांसाठी ट्रक कुठेही थांबायचा, बायकांसाठी कुठेच नाही. पाणी तोडायची विद्या आई तिथे शिकली. मला त्या मातीत तिला तिची खोली दाखवायची होती. दुसरं काही नको होतं. वास्तुशांत केली नाही, पूजा घातली नाही, आई आल्यावर बघू म्हणून सगळं राहू दिलं.

आणि आई येईना.

आधी म्हणाली, शेळी व्यायला झालीय. मग गुडघे. मग श्रावण. मग शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण, ज्याच्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. तिला पंचाहत्तरी उलटून गेलेली, गाडीला तिकीट लागत नव्हतं. आधार कार्ड दाखवायचं आणि बसायचं. सगळा महाराष्ट्र तिला फुकट झाला होता, आणि ही बाई जामखेडच्या बाजाराच्या पुढे जायला तयार नाही. मी समजावलं, भांडले, पालथ्या घड्यावर पाणी. मला वाटायचं, नवऱ्याला सोडून एकट्या राहणाऱ्या मुलीचं घर तिला बघायचंच नसेल. हे मी तिला एकदा तोंडावर बोललेही. ती ज्वारी निवडत होती, निवडत राहिली.

त्यानंतरच्या दिवाळीला ती अचानक हो म्हणाली. इरकली लुगडं नेसली, कपाळाला कुंकवाच्या जागी गोंदण होतं त्यावरून उगाच पदर फिरवला, आणि आम्ही निघालो. आदल्या दुपारपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. कडा गाव सोडल्यावर ती गप्प झाली. पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून बसली. मला वाटलं, रुसली. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. ते आठवलं की अजून स्वतःची चीड येते.

नगरला गाडी लागली. ती पायऱ्या उतरली, फरशीवर उभी राहिली, आणि तिथेच तिचं लुगडं भिजलं. पावलांभोवती ओल पसरली. आईने माझ्याकडे बघितलं. भोवती शे-दीडशे माणसं असतील.

मी म्हणाले, “आई, लोक बघतायत.”

हळूच म्हणाले. पण वर्गात मुलांना दटावायचा जो आवाज असतो, त्याच आवाजात.

मावशीने दारातून पाहिलं असावं. ती बादली घेऊन आली आणि भरली बादली तिने आमच्या पायांशी ओतली. “सरा, सरा, फरशी धुवायची हाय,” म्हणत तिने खराट्याने सगळ्यांना मागे हटवलं. आई, मी, आणखी चार बायका, सगळ्यांचेच पाय भिजले. कुणाची ओल कुठली हे कुणाला कळलं नाही. मग आईचा दंड धरून तिने तिला आत नेलं, धुतलं, पुसलं, आणि स्वतःचं घरी जायचं पातळ नेसवलं. मी दारात पिशव्या धरून उभी होते.

बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, “मला जामखेडच्या गाडीत बसव.”

कोल्हार दीड तासावर होतं. आम्ही दोघी परत गेलो.

मधेच आष्टीच्या आसपास मी विचारलं, “कधीपासून होतंय?”

“लई वर्सं झाली,” ती म्हणाली. “थोपत न्हाई.”

शेळी, गुडघे, श्रावण, बाळंतपण, सगळ्याचा अर्थ मला तिथे लागला. मला फार वाईट वाटलं. पण माफी मागायची आमच्या घरात रीत नाही. घरी पोचल्यावर मी तिच्या डोक्याला तेल लावून दिलं, एवढंच केलं.

पुढे मी उपाय काढले. औषधाच्या दुकानात मिळतात तशा ओल शोषणाऱ्या चड्ड्या नेल्या, तिने त्या ट्रंकेत घातल्या आणि वर कुलूप. स्वतंत्र गाडी करते म्हटलं, म्हणशील तिथे थांबू. तर म्हणाली, “परक्या मानसाला वाटंत गाडी थांबीव म्हनायचं? कशापायी ते कुनी सांगायचं?” मी तो विषय सोडून दिला. मी शनिवारी जायची, रविवारी यायची. तिची खोली मी आठवड्याला झाडून घ्यायची आणि दार लोटून ठेवायची.

एकदा माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. ती आता पुण्यात नोकरी करते, मेट्रोने जाते. ती सांगत होती, एकदा कार्ड लावून दाराच्या आत गेलं की आतल्या आत दुसऱ्या मार्गाची गाडी बदलता येते. पुन्हा कुणी विचारत नाही. जिने सरकते, स्वच्छतागृह पायाशी, फरशी अशी की जेवायला बसावं. हे मी शनिवारी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवला आणि जरा विचार केला.

“मंग तितल्या बायका पानी पिऊन निघत असतील,” ती म्हणाली.

मागच्या थंडीत आई गेली. झोपेत गेली. शेजारीण सकाळी दूध द्यायला आली तेव्हा कळलं. दिवसकार्य चुलतभावांनी केलं. तेरावा झाल्यावर मी कुलूप लावलं, किल्ली शेजारणीकडे दिली आणि निघाले. त्या दिवशीही मी पाणी प्यायले नव्हते. आई गेली तरी सवय राहिली होती.

नगरला उतरले. मावशी म्हणाली, “आल्या का बाई? दोन शनवार दिसल्या न्हाई.”

मी सांगितलं. तिने खराटा भिंतीला टेकवला. मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभी राहिली. मग म्हणाली, “एक सांगायचं हुतं. त्यांनी सांगू नको म्हनलं हुतं. आता सांगते.”

आई तीनदा येऊन गेली होती. एकटी. दिवाळीनंतरच्या दिवसांत, बुधवारी, म्हणजे मी शाळेत असताना. जामखेडच्या गाडीने यायची, धडपडत मावशीपाशी पोचायची, आत जाऊन यायची. पहिल्या खेपेला मावशीचं पातळ धुऊन घडी करून घेऊन आली होती. मग म्हणायची, मला कोल्हारची गाडी दाव. मावशी हाताला धरून नेऊन बसवायची. दाराजवळची पहिली सीट, म्हणजे उतरायला बरं. डायव्हर चढून गाडी चालू करायचा, आणि आई उतरून यायची. तिसऱ्या वेळी घंटी होईपर्यंत बसली होती.

“म्या म्हनलं, आज्जी, जावा की, दीड घंट्याचं तर हाय. काय झालं तरी पोरीच्या घरीच जायचंय ना. तर म्हनल्या, न्हाई गं. माजी पोरगी मास्तरीन हाय. तिला लोक बघत्यात.”

मावशीने हे साधंच सांगितलं. तिला माझं ते वाक्य माहीत नव्हतं. बादली ओतायला ती नंतर आली होती.

मग तिने भिंतीवरच्या शेवटच्या खुंटीची पिशवी काढली. जामखेडच्या कुठल्या तरी कापड दुकानाची, नायलॉनची, निळी. ती पिशवी मी कित्येक शनिवार बघत होते. कोणी तरी विसरलं असेल, असं वाटायचं. शेजारच्याच खुंटीला मी माझी पर्स अडकवायची.

“दर येळी वझं नको म्हनून हितंच ठिवली हुती. म्हनल्या, पुढच्या बुधवारी न्हेते.”

पिशवीत एक धुतलेलं लुगडं होतं, एक टॉवेल, मी नेलेल्यांपैकी दोन चड्ड्या, आणि रुमालात बांधलेले मूठभर तांदूळ. नव्या घराच्या उंबऱ्यावर ठेवायचे.

मावशीने तिच्या बाटलीतलं पाणी मला पेलाभर दिलं. “प्या. कोल्हारची गाडी लागायला येळ हाय, परत जाऊन या आत.” मी प्यायले. आणखी एक पेला मागून प्यायले. ती माझा हात धरून गाडीपर्यंत आली. दाराजवळची पहिली सीट रिकामी होती. मी तिथे बसले, पिशवी मांडीवर घेतली. डायव्हरने गाडी चालू केली, घंटी झाली. मी उतरले नाही.

नगर सुटताच मला रडू आलं. आवाज आवरला नाही, पदर तोंडाला लावूनही आवरला नाही. राहुरी येईपर्यंत रडत होते. गाडीत उभं राहायला जागा नव्हती, माणसावर माणूस होतं, आणि एकानेही माझ्याकडे बघितलं नाही.