माझ्या श्वासातलं इथर

त्या दवाखान्यात इथरची भूल द्यायचं काम माझ्याकडे होतं. भूलतज्ज्ञ असलाच तर नगरला, आमच्या तालुक्याच्या गावी कुठला! रोग्याच्या नाकातोंडावर तारेची जाळी, तिच्यावर गॉज, आणि त्या गॉजवर बाटलीतून थेंब थेंब सोडत राहायचं. रोगी आधी खोकतो, हातपाय झाडतो, बरळतो, आयाबहिणी काढतो, मग गपगार पडतो. थेंब कमी पडले तर कापताना उठून बसायचा, जास्त झाले तर श्वासच थांबायचा. माझा हात चांगला होता. डॉक्टर चारचौघांत तसं म्हणायचे आणि मी फुगायचे, खोटं कशाला बोलू?

वाऱ्यानं इथर उडून जातं म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद. मी जाळीवर वाकलेली, म्हणजे रोग्याच्या बरोबरीनं माझ्याही नाकात. संध्याकाळी डोकं जड व्हायचं, भाकरीलासुद्धा तोच वास यायचा.

दोनदा मला दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना सरायच्या आत सगळं संपलं. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, नेवाशाकडच्या. अक्षरओळख नव्हती. एका सकाळी त्यांनी माझ्या तोंडाशी नाक आणलं.

"आगं, रात गेली तरी तुज्या तोंडाला त्या दवाचा वास मारतोय. ह्यो वासच पोर टिकू देत न्हाई. न्हाई टिकायचं बघ. सोड ती नोकरी."

"वासानं कुठं गर्भ पडतो?" मी फाडकन बोलले. "अडाण्यासारखं काहीतरी बोलू नका. मी शिकलेली आहे."

त्या उठून चुलीकडे गेल्या.

तिसऱ्यांदा दिवस राहिले ते दुष्काळाच्या साली. त्याच सुमाराला डॉक्टरांच्या बायकोलाही दिवस होते. ती ऑपरेशनला हत्यारं द्यायला उभी राहायची. डॉक्टरांनी तिला सांगितलं, आता आत पाऊल टाकायचं नाही, हा वास तुला चालायचा नाही. ते मी कानांनी ऐकलं. आत्याबाईंचं बोलणं मनात खुपत होतंच, कबूल करायची लाज वाटत होती एवढंच. धीर करून म्हटलं, डॉक्टर, मलाही चार महिने दुसरं काम द्या.

"सिस्टर, तुम्हाला सवय आहे," ते म्हणाले.

सवय! माझ्या पोटातल्याला कसली आलीय सवय, मेल्या? पण हे आज म्हणते आहे. तेव्हा मी 'बरं' म्हणाले.

त्याच आठवड्यात खडी फोडायच्या कामावरून एक बाई आणली. दोन दिवस कळा देत होती, मूल अडलेलं. पोट फाडण्यावाचून इलाज नव्हता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणाले असते तर ती टेबलावरच गेली असती. मी बाटली उचलली. तासभर वाकून थेंब सोडले. पोरगी रडली, चांगली ठणठणीत रडली. आठव्या दिवशी माझं गेलं. त्या बाईचा मला राग येत नाही असं म्हणायला हवं. येतो, थोडा येतो.

आत्याबाई उशाशी बसून होत्या. वासाबद्दल एक शब्द काढला नाही. एकदम स्वतःच्याच तोंडावर चापट मारून घेतली. "माज्या जिभंला हाड न्हाई. न्हाई टिकायचं म्हणले आन् न्हाईच टिकलं. माजंच बोलणं बाधलं लेकराला." तेव्हापासून त्यांनी दर सोमवारी मौन धरलं. त्या जिभेला शिक्षा म्हणून. मला पुन्हा दिवस गेले नाहीत.

पुढच्या वर्षी दवाखान्यात ऑपरेशनचं शिबिर झालं, त्याला पुण्याहून एक भूलतज्ज्ञ आले. बंद खिडक्या बघितल्या, मग मला बघितलं. "सिस्टर, मुलं किती?"

"नाहीत."

"पोटातून गेलेली किती?"

मी चमकले. यांना कुणी सांगितलं?

"परदेशात ऑपरेशनच्या खोलीत काम करणाऱ्या बायांना हल्ली हे विचारायला लागलेत," ते म्हणाले. "पक्कं अजून काही नाही. पण निदान खिडकी तरी उघडी ठेवत जा."

घरी आले तो सोमवार होता. आत्याबाईंनी हातानंच ताटाकडे खूण केली. मला एवढंच सांगायचं होतं, की आत्याबाई, तुमचं बोलणं बाधलं नाही, तुमचं बोलणं खरं असेल. अडाणी मी होते. शब्द ओठापर्यंत आले. पण मग त्यांनी विचारलं असतं, तवाच का न्हाई ऐकलंस? मी हातपाय धुतले आणि जेवायला बसले.

त्यानंतर अकरा वर्षं त्या जगल्या. त्या फक्त सोमवारी गप्प बसायच्या. मी रोज बसले.