गौरीपुढचा हिरव्या केसांचा भाजीवाला

मी खून पाहिलेत, दरोडे पाहिलेत. तरी कुणी जुनी केस सांगा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा एक वीतभर उंचीचा भाजीवाला उभा राहतो. डोक्याला फेटा आणि फेट्याखाली हिरवेगार केस. निवृत्तीच्या आदल्या वर्षीची, संगमनेरमधली ही गोष्ट. नावं कुणाचीच सांगणार नाही. माणसं अजून तिथंच राहतात.

गणपतीचा बंदोबस्त सुरू होता. निम्मं पोलीस ठाणं रस्त्यावर, उरलेलं अर्धवट झोपेत. त्या दिवशी गौरींचं जेवण होतं. सकाळी नऊच्या सुमारास दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करणारा तिशीतला एक माणूस तक्रार घेऊन आला. जपानहून मागवलेलं त्याचं पार्सल गायब होतं. मोबाईलवर दिसत होतं की तीन दिवसांपूर्वी माल पोहोचला, खाली त्याच्याच नावाची वेडीवाकडी सही. आणि तो तर तेव्हा कामानिमित्त पुण्याला गेलेला.

"काय होतं पार्सलमध्ये?"

"मूर्ती आहेत सर. एका जपानी कार्टून मालिकेतल्या. सात."

ठाणे अंमलदारानं मान वर केली. "खेळण्यांसाठी पोलिसात आलाय व्हय तुमी?"

तो चिडला नाही. मोबाईलवर फोटो दाखवू लागला. टोपली घेतलेला हिरव्या केसांचा भाजीवाला, वल्हं धरलेली नावाडीण, शाळेची घंटा देणारा म्हातारा शिपाई. असले सात जण. "हिरोची मूर्ती कुणीपण घेतं सर. मी मागच्या लोकांच्या घेतो. एकेका भागात दोन मिनिटं येतात आणि जातात. या सात जणांसाठी चार वर्षं शोधत होतो."

"म्हणजे हिरोच्या मागं बंदोबस्ताला उभे राहणारे," मी म्हणालो. "हवालदार, तुमचीच मूर्ती म्हणायची की."

हवालदार म्हणाले, "साहेब, माझी करायची तर माल लई लागंल." सगळे हसले. तक्रारदारही हसला. आमच्या महिला अंमलदारानं अर्ज टाईप केला, फोटो जोडले, मी स्टेशन डायरीला नोंद घेतली.

संशय कुणावर घ्यायचा हे उघड होतं. पार्सल पोचवणारा. दहा वाजता त्याला बोलावून घेतलं. पस्तिशीचा माणूस, पाथर्डीकडचा. आईबाप ऊसतोडीला जायचे, यानंही बारा वर्षं कोयता चालवलेला. नंतर दहावी केली आणि कुरिअरच्या नोकरीला लागला. त्याच्या पाठोपाठ त्याच्या शाखेच्या मॅनेजरचा फोन आला, "साहेब, संध्याकाळी सहापर्यंत काय ते सांगा. न्हाईतर मी त्याचं ओळखपत्र जमा करून घेतो." हा फोन त्यानं समोर बसून ऐकला. हातातला चहाचा कप त्यानं तसाच बाकावर ठेवला, इतकंच मला दिसलं.

मी विचारलं, "सही कुणाची?"

"माझीच हाय साहेब."

इतक्या सरळ कबुलीची मला सवय नव्हती. "मग माल कुठाय?"

"शेजारच्या काकूंकडं दिला. ह्यांच्या दाराला कुलूप हुतं. काकू करंज्या करत हुत्या, दोन्ही हात पिठाचे. मोबाईलवर बोटानं सही करायची, तर काच भरली असती. काकू म्हनल्या, तूच कर बाबा. म्हून मी केली."

"ज्याचं पार्सल त्याच्या नावानं?"

"व्हय. ती चूक झाली. पन चोरी न्हाई. कोयता खाली ठेवला त्या दिवशी माझ्या आईनं वस्तीवर पेढे वाटलेत साहेब."

दुपारी बारा वाजता मी स्वतः त्या काकूंकडे गेलो. बाई साठीच्या, पदवीधर, शहरात मान असलेल्या. दारातच भेटल्या. "माझ्याकडे कुणीही आलं नाही," एवढंच स्वच्छ शब्दांत म्हणाल्या. मी "बरं" म्हणालो आणि परत फिरलो.

इथं मला माझंच सांगितलं पाहिजे. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा मी आणला. त्याचा मला अभिमान आहे आणि राहील. पण त्या कागदानं मला एक खोडही लावली होती. शिकलेलं माणूस शुद्ध बोललं की ते मला खरं वाटायचं. परत येऊन मी त्या माणसाला पुन्हा बाकावर बसवलं आणि तेच प्रश्न उलटे-सुलटे विचारले. करंज्या तळून झाल्या होत्या का? काकूंनी पार्सल कशावर ठेवलं? "तळायच्या हुत्या. शिवनयंत्रावर ठेवलं. खोक्याचा कोपरा आधीच फाटलेला हुता, त्याला मी चिकटपट्टी लावली हुती." तीन वेळा विचारलं, तीनही वेळा तेच. खोटं बोलणारा माणूस चोरी लपवायला कहाणी रचतो, त्यात करंज्या तळायच्या राहिल्यात हे कशाला घालेल? मला शंका यायला लागली, पण हातात पुरावा नव्हता.

साडेचार वाजता महिला अंमलदाराची ड्युटी संपली. ती त्याच गल्लीत राहायची. वीस मिनिटांत तिचा फोन आला, आवाज दबलेला.

"साहेब, मी काकूंच्या हळदीकुंकवाला आलेय. गौरीपुढं आठवडे बाजाराचा देखावा केलाय. त्यातल्या भाजीवाल्याला हिरवे केस हायेत."

"काय?"

"फेटा बांधलाय, धोतर नेसवलंय, पन केस डोकावतायत. नावाडणीला नऊवारी नेसवून मासे विकायला बसवलंय. सातच्या सात हायेत साहेब. बायका कौतुक करतायत."

तक्रारदार एकटा राहणारा. बाया-बापड्यांच्या हळदीकुंकवाला तो कशाला जाईल? आणि गेला असता तरी नऊवारीतली नावाडीण त्याला ओळखू आली नसती.

तक्रारदार आणि कुरिअरवाला, दोघांना घेऊन मी साध्या वेशात निघालो. दारात बूट काढले. बायकांची गर्दी ओसरेपर्यंत ओसरीवर थांबलो. काकूंनी माझ्या मागचा कुरिअरवाला पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"फाटलेल्या कोपऱ्यातून तो टोपलीवाला दिसला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "यंदा आमचा बाजार होता, माणसंच कमी पडत होती. वाटलं, गौरी गेल्या की देऊन टाकू. पण हा शेजारचा मुलगा पार्सल विचारायला आला तेव्हा घरात बायका होत्या. सुनेनं सगळ्यांना सांगून टाकलेलं, बाहुल्या आईंनी हातानं केल्या. तोंडातून 'नाही' निघून गेलं. मग तुम्ही आलात. मग काय सांगणार?"

तक्रारदार देखाव्याकडे बघतच राहिला होता. काकू माझ्याकडे वळल्या. "साहेब, देवीपुढचं आज उचलत नाहीत. उद्या गौरी जाऊ द्या. उद्या सगळं कबूल करते."

रिवाज मलाही माहीत होता. माझ्या घरीही गौरी बसतात. घड्याळात साडेपाच झाले होते.

मी म्हणालो, "काकू, तुमच्या गौरी उद्या जातील. याची नोकरी सहा वाजता जातेय. मूर्ती राहू द्या हवं तर. जबाब आत्ता द्या."

तक्रारदार लगेच म्हणाला, "राहू द्या सर मूर्ती. बाजारात छान दिसतायत." त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला आजही मानतो. तक्रारही त्यानं तिथंच मागे घेतली.

मी पाटावर बसून जबाब लिहिला. काकूंनी सगळं सांगितलं, मॅनेजरला फोनवरही तेच सांगितलं. सहाला सात मिनिटं कमी होती. मग त्या दाराकडे वळल्या. कुरिअरवाला अजून उंबऱ्याबाहेरच उभा होता. "आत ये बाबा. गौरीचं जेवण आहे, पुरणपोळी खाऊन जा."

त्यानं उंबरा ओलांडला, जबाबाचा कागद माझ्याकडून मागून घेतला आणि काकूंपुढे धरला.

"काकू, आज हात कोरडे हायेत न्हवं? मग आधी सही करा. तुमीच."

त्यांनी सही केली. अक्षर सुंदर होतं. मग तो जेवायला बसला आणि चार पोळ्या खाल्ल्या.

रात्रभर मला एकच गोष्ट टोचत राहिली. त्याला मी बाकावर बसवून दिवसभर विचारत होतो आणि काकूंना दारात उभ्या उभ्या फक्त एक प्रश्न विचारला होता. त्यानंतर नोकरीत होतो तोवर कुणाचाही जबाब घेताना मी हा हिशोब स्वतःशी मांडत आलो, दुसऱ्या बाजूच्या माणसालाही तेवढेच प्रश्न विचारले का? नव्या फौजदारांनाही हेच शिकवलं.

माझ्या हातून मोठे गुन्हे उघड झाले, सत्कारही झाले. पण सगळ्यात अभिमान वाटतो तो त्या संध्याकाळच्या स्टेशन डायरीतल्या एका ओळीचा. त्या कुरिअरवाल्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे: "यांनी सुरुवातीपासून खरे सांगितले." ती ओळ मी अंमलदाराला लिहू दिली नाही. स्वतः लिहिली.