चार पट्ट्यांची चाचणी

मंगळवारी दुपारी सव्वाचार वाजता बहिणीचा नवा कॉम्प्युटर सराव सामन्याच्या मधेच बंद पडला. पडदा निळा झाला, मग काळा. त्या आठवड्यातली ही तिसरी वेळ होती. पात्रता सामना रविवारी दुपारी दोनला होता आणि संघातल्या पाच जणींची नावं शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवायची होती.

पुढच्या पाच दिवसांची नोंद माझ्याकडे आहे. तेव्हा मी एका दैनिकात उपसंपादक होतो आणि जुन्या प्रिंटांच्या कोऱ्या बाजूवर लिहायची सवय होती. वेळ, काय बदललं आणि किती चुका आल्या, एवढंच त्या कागदांवर आहे.

टाळेबंदी उठून वर्ष झालं होतं. करी रोडच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहायचो: वडील, बहीण आणि मी. बहीण अठ्ठावीस वर्षांची. परळच्या एका टॉवरमधल्या ऑफिसात ती रिसेप्शनला होती. ते ऑफिस टाळेबंदीत बंद झालं. सुट्टीच्या दिवशी दादरच्या गेमिंग कॅफेत ती एका संघाकडून शूटिंगचा गेम खेळायची, ते मात्र टाळेबंदी उठल्यावर पुन्हा सुरू झालं. पात्रता सामना जिंकणाऱ्या संघाला वर्षभराचा पगारी करार मिळणार होता. दुसरीकडून तिला नोकरीचं एकही बोलावणं आलेलं नव्हतं.

सामना प्रत्येकीने घरून खेळायचा होता. एखादीचा कॉम्प्युटर मधेच बंद पडला तर उरलेल्या चौघींना पाच जणींविरुद्ध खेळावं लागणार होतं.

संघाची कप्तान वरळी कोळीवाड्यातली. सकाळी आईबरोबर मासळी विकायची, दुपारनंतर खेळायची. तिने स्वतःसाठी नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुन्यातल्या रॅमच्या दोन पट्ट्या बहिणीला दिल्या. चालू कामाचं सगळं कॉम्प्युटर रॅममध्ये ठेवतो. ती कमी पडली की खेळ अडखळतो. एकेक पट्टी चार जीबीची होती आणि सोळा जीबी लागणार होते. बहिणीने लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून आणखी दोन आणल्या. कप्तानच्या पट्टीचा फोटो दुकानदाराला दाखवून तीच कंपनी आणि तोच नंबर बघून घेतला होता. समोरच्या खोलीतल्या मावशींनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हळदकुंकू लावलं आणि आम्ही गॅलरीत पेढे वाटले.

मंगळवारी संध्याकाळी कप्तानचा फोन आला. बहिणीने तो स्पीकरवर टाकला होता.

"हे बघ, मी तुला काढत नाय. पण रविवारी तू मधेच गेलीस तर आमची वाट लागेल. ठाण्याची ती राखीव तयारच बसलीय. शनिवारी सहाच्या आत सांग, मशीन उभं राहतंय का नाय."

"राहील गं."

"राहील नको. राहतंय असं सांगशील तेव्हा सांग."

बुधवारी सकाळी नऊला आम्ही कॅबिनेट उघडलं. चारही पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या आणि परत बसवल्या. त्यानंतर इंटरनेटवर वाचून बहिणीने बायोसमधल्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमधल्या, तीन गोष्टी एकदम बदलल्या. पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावला. तो रॅमच्या प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी लिहितो, परत वाचतो आणि फरक आढळला की लाल ओळ दाखवतो. सोळा जीबीची एक फेरी सव्वा तासाची, आणि चार फेऱ्या बिनचूक गेल्या तर मशीन ठीक धरायचं. तोवर कॉम्प्युटरवर दुसरं काही करता येत नाही.

दीड वाजायच्या आतच चार फेऱ्या संपल्या. माझ्या कागदावर लिहिलंय: 'चुका ०.' बहिणीने कप्तानला कळवलं, "राहतंय." तिकडून नाचणाऱ्या माशाचं स्टिकर आलं.

गुरुवारी सकाळी सराव करताना खेळ अडखळायला लागला. बहिणीने सेटिंग उघडून पाहिलं आणि मला हाक मारली.

"दादा, हे बारा दाखवतंय."

सोळा दिसायला हवे होते. घासून परत बसवताना चौथी पट्टी पूर्ण आत गेली नव्हती. वरचा खटका उघडाच होता. आदल्या दिवशीची चाचणी तीनच पट्ट्यांची झाली होती, म्हणूनच ती लवकर संपली होती. एकूण आकडा पडद्यावर वरच्या कोपऱ्यात दिसत होता. मी तो वाचला नव्हता.

चौथी पट्टी दाबून बसवली आणि चाचणी पुन्हा लावली. अकराव्या मिनिटाला लाल ओळी सुरू झाल्या. मोजायच्या थांबवल्या तेव्हा शंभराच्या वर गेल्या होत्या. बहिणीने कप्तानला फोन करून खरं ते सांगितलं. कप्तान म्हणाली, "दोन दिवस आहेत."

वडील खाटेवर बसून हे बघत होते. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे सूतकताईला, जॉबर नावाच्या मुकादमाच्या हाताखाली होते. ब्याऐंशीच्या संपात बाहेर पडले, त्यानंतर गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. पुढची वर्षं त्यांनी दादरच्या एका इमारतीत वॉचमनचं काम केलं. घरात ते मालवणीच बोलत.

"तीन वस्तू एकदम बदललंस," ते बहिणीला म्हणाले. "आता कशान बिघाडला ता तुका कसा कळतला?"

"बाबा, प्लीज."

"सांगान ठेवतंय. जॉबर असतो तर कानफटात दिली असती."

"जॉबरला माऊस तरी धरता आला असता का?"

वडील हसले नाहीत.

बहिणीने बायोसमधले तिन्ही बदल मागे घेतले. गुरुवारचा उरलेला दिवस एकेक पट्टी वेगळी तपासण्यात गेला. मी तीनला ऑफिसला गेलो. पुढच्या नोंदी बहिणीच्या अक्षरात आहेत. पहिली पट्टी, चुका शून्य. दुसरी, शून्य. तिसरी आणि चौथीही शून्य. नंतर जोड्या लावल्या. तिची जोडी शून्य, कप्तानची जोडी शून्य. शेवटी चारही लावल्या तेव्हा नवव्या मिनिटाला लाल ओळ आली. त्या नोंदीखाली तिने पेनाने इतकं गिरबटलंय की कागद फाटलाय.

शुक्रवारी सकाळी दुकानदाराला फोन केला. तो हिंदीत बोलत होता. त्याने सांगितलं ते असं: नंबर एक असला तरी कंपनी आतली चिप मधूनमधून बदलते. कप्तानच्या पट्ट्या जुन्या, तुमच्या नव्या. वेगवेगळ्या चालतील. चारही एकत्र पूर्ण वेगावर चालतील याची खात्री कोणी देणार नाही.

"सारख्या चार मिळतील का?"

सोमवारनंतर मिळतील, असं तो म्हणाला.

साडेअकराला कप्तान स्वतः आली. बाजार उरकून थेट आली होती. चपला दाराशी काढता काढताच म्हणाली, "काढ माझ्या दोन. घाण करतायत ना, काढून टाक."

"घाण नाय करत गं. एकट्या नीट चालतात."

"मग तुझ्या काढ. मला वाईट नाय वाटणार, तुला पण नको वाटू दे. कोणाच्या तरी काढ."

कप्तानच्या दोन काढल्या आणि आठ जीबीवर खेळ लावला. आयोजकांनी प्रत्येकीला नजर ठेवणारा एक प्रोग्रॅम सोबत चालू ठेवायला सांगितला होता. दोन्ही एकत्र सुरू होताच खेळ थबकायला लागला. समोरचा शत्रू दारात दिसायचा आणि पुढच्याच क्षणी बहीण मेलेली असायची. कप्तान मागे उभी राहून बघत होती. तीनदा असं झाल्यावर ती म्हणाली, "नाय चालणार हे." तिने स्वतःच्या दोन्ही पट्ट्या टेबलावरून उचलून बहिणीच्या हातात दिल्या आणि निघाली. दारातून म्हणाली, "उद्या सहा."

राहिला वेग. पट्ट्यांवर ३२०० लिहिलेलं होतं. बायोसमध्ये तो पायरीपायरीने खाली आणता येतो. वेग उतरवला की खेळही थोडा मंदावतो.

"एकदम खाली आण," वडील म्हणाले. "गिरणीत सुट्टीनंतर साचो लावताना आधी हळू. धागो तुटना नाय बघितला काय मगे वाढवचो."

"बाबा, ही गिरणी नाय. खाली आणला की मला समोरचं उशिरा दिसणार. मी वरून एकेक पायरी उतरते. जिथे थांबेल तिथे जास्तीत जास्त वेग मिळेल."

"आणि थांबला नाय तर?"

"थांबेल."

"आमी पण असाच म्हणत होतव," वडील म्हणाले. "फुडच्या हप्त्यात गिरणी चालू होतली."

बहिणीने खुर्ची भिंतीकडे वळवली. मी मधे पडलो नाही. मलाही तिचंच बरोबर वाटत होतं.

शुक्रवारी दुपारी २९३३ लावला. दुसऱ्या फेरीत चूक आली. मग २८००. तिसऱ्या फेरीच्या शेवटी सहा चुका. शनिवारी माझी सुट्टी होती. सकाळी पुन्हा २८०० वरच व्होल्टेज थोडं वाढवून बघितलं. दुसऱ्या फेरीतच चुका आल्या. पावणेतीन तास गेले. पावणेबाराला तिने ते थांबवलं आणि २६६६ लावला.

चार फेऱ्या संपायला पावणेपाच वाजणार होते. वीज खालीवर होऊ नये म्हणून आम्ही घरातला मिक्सर आणि इस्त्री बंद ठेवली. मावशी दारात येऊन, "अजून आजारीच का गं तो?" असं विचारून गेल्या. बहीण जेवली नाही. ती पडद्यासमोर बसून नखांच्या कडा कुरतडत होती. मी दर पंधरा मिनिटांनी वेळ लिहीत होतो. प्रत्येक वेळी वरच्या कोपऱ्यातला आकडा मोठ्याने वाचत होतो: सोळा.

पहिली फेरी शून्य, दुसरी शून्य, तिसरी शून्य. तिसरी संपली तेव्हा बहीण उठली आणि तोंड धुऊन आली. नवा टी-शर्ट घातला. संघाचा होता तो.

चार वाजून एकोणचाळीस मिनिटांनी, चौथ्या फेरीत, लाल ओळ आली. एकच. तिच्यानंतर दुसरी आली नाही आणि फेरी संपली.

खोलीत आम्ही तिघंच होतो.

"एकच तर हा," वडील म्हणाले. "सांगा नको."

बहिणीने माझ्याकडे बघितलं. "दादा, तू काय लिहिलंस?"

मी कागद तिच्यासमोर धरला. '४.३९, २६६६, फेरी ४, चूक १.'

"एकीने काय होतं? दोन तासांच्या सामन्यात रॅममधली ती जागा कदाचित येणारही नाही. आली तरी कदाचित..." ती थांबली. मला म्हणाली, "बोल ना काहीतरी."

मी म्हणालो, कदाचित येणार नाही.

"खात्रीने?"

"नाही."

सहाला अजून तास होता. एक पायरी खाली, २४०० वर, बघता आलं असतं. पण सहापर्यंत त्याची एकही फेरी पूर्ण झाली नसती. तिने तरीही बायोस उघडून २४०० लावला आणि चाचणी सुरू केली. मग फोन घेऊन गॅलरीत गेली. दार उघडं होतं.

"एक आली," ती म्हणाली.

कप्तान काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

"चौथ्या फेरीत. नाय, आता 'राहतंय' असं नाय सांगू शकत... हो... हो, कळलं. ठाण्याच्या तिला सांग, डावीकडची बाजू मी सांभाळायचे, तिथे जिन्यावर लक्ष ठेव म्हणावं... नाय गं, रडत नाय."

पाच वाजून पन्नास मिनिटांनी कप्तानने नावं पाठवली. साडेसातला आयोजकांनी यादी लावली. पाचव्या जागी ठाण्याच्या मुलीचं नाव होतं.

बहिणीने कॉम्प्युटर बंद केला नाही. चाचणी तशीच चालू राहिली. रविवारी दुपारी ती माझ्या मोबाइलवर सामना बघायला बसली. दोन वाजता सामना सुरू झाला तेव्हा चाचणीची सतरावी फेरी चालू होती. शेवटची नोंद माझ्या अक्षरात आहे: '२.००, २४००, एकूण १६, चुका ०.'