नुसतं विचारलं

शनिवार, दुपार. हजर: मी, आतल्या खोलीत अंथरुणावर सासूबाई, टेबलावर लॅपटॉप.

सी या संगणकभाषेतलं सॉफ्टवेअर तयार करण्याआधी एक स्क्रिप्ट तपासते, की त्याला लागणारी फंक्शनं, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे तयार तुकडे, संगणकात आहेत का. काम कुणालाच सांगत नाही, नुसती नावाने हाक मारते. नाव सापडलं की ‘आहे’ लिहून पुढे.

“सुनंदा, आहेस ना गं?”

“आहे, आई. काय हवंय?”

“काही नको. नुसतं विचारलं.”

एखादं फंक्शन नसलं, तर बहुतेकदा त्याच्या जागी बदली फंक्शन जोडता येतं. माझ्या जागी हाकेला ‘ओ’ देणारं घरात कुणी नाही, म्हणून गच्चीवरचे कपडेसुद्धा मी धावत काढून आणते.

बहीण म्हणते, चार दिवस कोकणात चल. तिला अजून उत्तर द्यायचं राहिलंय.