हातांपुरती नायिका

स्टुडिओत तिला सगळे कुरळीताई म्हणत. तिनं ते नाव कुरकुर न करता घेतलं होतं, कारण शाळेत पडलेल्या नावांपेक्षा हे खूपच बरं होतं. केस असे घट्ट कुरळे, की लहानपणी आई फणी हातात घेऊन आधी एक सुस्कारा सोडायची आणि मग कामाला लागायची. रंग पक्का काळा. तिचे पणजोबा कधीतरी जहाजावरून बंदरात उतरले आणि हमाली करता करता इथलेच झाले. पुढच्या पिढ्या इथेच जन्मल्या, इथेच भांडल्या, इथल्याच भाषेत झोपेत बडबडू लागल्या. तरी नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"इथल्याच."

"तसं नाही हो. मूळच्या म्हणजे अगदी मूळच्या?"

"बंदरामागची गल्ली," ती सांगायची. मग समोरचा जरा ओशाळून म्हणायचा, "पण भाषा किती छान बोलता." पन्नाशी जवळ आली तरी हे कौतुक काही चुकलं नव्हतं.

केसांच्या धंद्यात ती आपल्या केसांमुळेच पडली. गल्लीतल्या पार्लरवालीनं एकदा तिला खुर्चीतून उठवलं आणि म्हणाली, "बाई गं, माझ्या कात्रीचं काम नाही हे." तेव्हापासून ती घरच्या आरशासमोर स्वतःच स्वतःवर हात बसवत गेली. मग मैत्रिणी, मग शेजारच्या लग्नाच्या मुली, आणि नवरा अकाली गेल्यावर, पदरात लहान लेक असताना, टीव्ही मालिकांचा स्टुडिओ. तिथे ती हेअरड्रेसर म्हणून लागली. मेकअप तिला केसांहून जास्त आवडायचा, आणि जमायचाही. पण त्या काळी मेकअपवाल्यांच्या संघटनेत रीतच होती, बायकांनी केस बघायचे आणि मेकअप पुरुषांनी करायचा. पुढे कोर्टकचेऱ्या होऊन नियम बदलला. माणसं तीच राहिली. मेकअपरूमचा कारभार मेकअपदादांकडे होता तो त्यांच्याकडेच राहिला. दादा माणूस वाईट नव्हते. गुडघे दुखायला लागल्यापासून चेहरेसुद्धा तिच्याकडेच सोपवून ते कोपऱ्यात चहा पीत बसायचे आणि कुणी आलं की स्पंज हातात घेऊन उभे राहायचे. मालिकेच्या शेवटी पडद्यावर नाव त्यांचं सरकायचं. तिचं नाव केशभूषेखाली यायचं, बऱ्याचदा चुकीचं लिहिलेलं.

अशात चॅनेलनं नवी मालिका काढली. गोष्ट एका काळ्या मुलीची. रंगामुळे तिला कोणी पत्करत नाही, घरचे टोमणे मारतात, ती मात्र गुणाची आणि सोशीक. हे ऐकून कुरळीताई मनातून हरखली. आपल्यासारखी एखादी पोर आता नायिकेच्या खुर्चीत बसणार, आणि तिच्या चेहऱ्याला काय शोभेल हे आपल्याइतकं कोणाला कळणार, असं तिला वाटलं. पहिल्या दिवशी खुर्चीत येऊन बसली ती गोरीपान मुलगी. जाहिरातींतून सगळ्यांना ठाऊक असलेली, दुधाच्या सायीसारख्या कातडीची.

"ही मोठ्या बहिणीचं काम करणार का?" तिनं दादांना हळूच विचारलं.

"नायिका आहे ही. तिला काळी करायचीय."

दादांनी केली. पण त्यांचा हात आयुष्यभर उजळ करण्याकडे वळलेला. काळं करायला गेले तर मुलगी राख फासल्यासारखी दिसू लागली. दिग्दर्शक वैतागला. "आजारी दिसतेय ही. मला काळी हवीय, मेलेली नकोय." दोनदा पुसलं, दोनदा लावलं. शेवटी कुरळीताई स्पंज घेऊन पुढं झाली, आणि तिचा हात नायिकेच्या गालाशी गेला तसा दिग्दर्शक जागीच थबकला. तिचं मनगट धरून त्यानं ते दिव्याकडे वळवलं.

"हा रंग. हाच. फक्त जरासा कमी, प्रेक्षकांना झेपेल इतपत."

त्या दिवसापासून रोज सकाळी तिची बाही कोपरापर्यंत वर जायची. टेबलावर तिचा हात, शेजारी नायिकेचा हात, आणि मधे बशीत कालवलेला रंग. दिग्दर्शकाचा सहायक येऊन दोन्ही हात निरखायचा, मान हलवायचा, मग शूटिंग सुरू व्हायचं. ती नायिका मनानं निर्मळ होती. आल्याबरोबर पाया पडायची, डब्यातलं आग्रहानं खायला द्यायची. एकदा आरशात बघत ती म्हणाली, "ताई, मला दीड तास बसावं लागतं हो याच्यासाठी. तुम्हाला बघा, आयतंच मिळालंय."

कुरळीताई हसली. हसण्यावाचून दुसरं काय करणार. त्या पोरीनं ते कौतुकानं म्हटलं होतं, आणि कौतुकावर रागावता येत नाही.

मालिका लोकांनी डोक्यावर घेतली. भाजीवाल्याच्या गाडीवर, बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर बायका त्या बिचारीसाठी हळहळायच्या. त्यातल्याच एक बाई बसमध्ये कुरळीताईच्या शेजारची रिकामी जागा सोडून दांड्याला धरून उभ्या राहिल्या आणि सबंध रस्ताभर मैत्रिणीला सांगत होत्या, "काल मला इतकं रडू आलं. रंगावरून माणसाची इतकी हेटाळणी करावी का?"

घरी तिची म्हातारी आई होती आणि लेक. लेक एकविसाव्या वर्षात, आईसारखेच केस, आईसारखाच रंग. कॉलेजात नाटकं करायची. ती रंगमंचावर उभी राहिली की शेवटच्या ओळीतली टवाळ पोरंसुद्धा गप्प बसत, हे कुरळीताईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. लेकीचा हट्ट एकच, या मालिकेत नायिकेच्या मैत्रिणीची भूमिका निघालीय, एकदा ऑडिशन देऊ दे. कुरळीताईच्या जिवावर आलं होतं. तरी तिनं शब्द टाकला.

ऑडिशन मधल्या सुट्टीत, सेटवरच झाली. लेकीनं दोन पानांचा प्रसंग केला. दिवे हलवणारी माणसं हातातलं काम सोडून बघत राहिली. दिग्दर्शक पुढे झुकला होता. संपल्यावर त्यानं खरोखरीच टाळ्या वाजवल्या. मग म्हणाला, "आता नायिकेबरोबर एकदा कर."

नायिका येऊन शेजारी उभी राहिली. कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर दोघी दिसल्या, आणि कोणी काही बोलायच्या आधीच सगळ्यांना कळून चुकलं. एरवी पडद्यावर खपून जाणारा नायिकेचा काळा रंग या खऱ्या मुलीशेजारी नुसता लेप दिसत होता.

दिग्दर्शकानं कुरळीताईला बाजूला घेतलं. आवाज खालचा, जवळजवळ हळवा. "ताई, पोरगी गुणी आहे. खोटं नाही सांगत. पण ही शेजारी उभी राहिली की आमचं सगळं उघडं पडतं हो. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

तो लेप तिच्याच हातचा होता.

"मोलकरीण वगैरे काही?" तिनं विचारलं, आणि विचारल्याबरोबर तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मोलकरीणही फ्रेममध्ये येतेच ना," तो म्हणाला. मग त्याला एकदम आठवलं. "एक काम आहे मात्र. हातांचं."

अडचण अशी होती, की नायिका पीठ मळायला लागली की रंग पिठात उतरायचा. भांडी घासताना फेस तपकिरी व्हायचा. गोष्टीतली मुलगी तर सोशीक, म्हणजे सतत घासणारी, मळणारी, शिवणारी. त्या जवळच्या दृश्यांसाठी त्यांना हात हवे होते.

लेकीनं होकार दिला. कुरळीताईला वाटलं होतं ती चिडेल, निघून जाईल. उलट ती म्हणाली, "आत तर शिरते. पुढचं पुढं बघू." तिचे हात सुरेख होते, लांबसडक बोटांचे. ते सुईत दोरा ओवत, कांदा चिरत, काकूचे पाय चेपत. एका प्रसंगात नायिकेला नकार येतो आणि ती काही न बोलता पदराचं टोक पिळत राहते, ते पिळणारे हात लेकीचे होते. त्या प्रसंगावर वर्तमानपत्रांत लिहून आलं. नायिकेचे हातसुद्धा अभिनय करतात, असं. लेकीनं ते वाचून कागदाची घडी घातली आणि आजीनं भरून दिलेला डबा त्यात बांधला.

त्या वर्षीच्या पुरस्कार समारंभात उत्कृष्ट रंगभूषेचं बक्षीस मेकअपदादांना मिळालं. भाषणात ते म्हणाले, "हे माझ्या सहकाऱ्यांशिवाय शक्य नव्हतं." मागच्या रांगेत बसलेल्या कुरळीताईनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी दादांनी मिठाईची मोठी पेटी तिच्यापुढे धरली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या हातात असतं तर तुझं नाव घातलं असतं गं." त्यांच्या हातात होतं. पण म्हातारपणी माणसाला खोटं पाडून मिळणार काय, म्हणून तिनं एक तुकडा उचलला.

मग मालिकेच्या प्रेक्षकांचे आकडे उतरू लागले. रडून रडून लोक कंटाळले होते. चॅनेलच्या बैठकीत ठरलं, कथेला उडी द्यायची. नायिका घर सोडून जाते, पाच वर्षांनी परत येते ती स्वतःच्या पायावर उभी राहिलेली, आणि उजळलेली. कशी उजळली याची फारशी चर्चा करायची नाही. चांगले दिवस आले की माणूस खुलतो, एवढं पुरे.

सहायकानं कुरळीताईला सकाळी सांगितलं, "ताई, आजपासून रंग नको. नुसता बेस." ती बशी घेऊन तशीच उभी राहिली.

"आणि हात?"

"हातही तिचेच आता. उतरायला काही राहिलंच नाही ना."

तो भाग लागला तेव्हा कुरळीताई घरीच होती. तिची म्हातारी आई टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसली होती. पडद्यावर दार उघडलं, नायिका आत आली, तिच्या गोऱ्या चेहऱ्यावर सगळीकडून उजेड पडला, आणि म्हातारीनं समाधानानं दोन्ही हात जोडले. "झालं बाई एकदाचं चांगलं तिचं," ती म्हणाली. तिच्या काळ्या, सुरकुतलेल्या गालावरून आनंदाचं पाणी ओघळत होतं. कुरळीताईनं लेकीकडे पाहिलं. लेक मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती.

आठवडाभरानं एका सुट्टीच्या दुपारी लेक आईची मेकअपची पेटी घेऊन खिडकीपाशी आली. पेटी उघडून समोर ठेवली आणि स्टुलावर बसली.

"फोटो काढायचेत. दुसऱ्या कंपनीला पाठवायला. केस सरळ कर माझे. आणि चेहरा."

"चेहऱ्याचं काय?"

"तू त्यांना करतेस तसा."

"तुला काय गरज आहे त्याची?" कुरळीताई म्हणाली. पण हे वाक्य तिच्याच कानाला पोकळ लागलं.

"आई, गरज मला नाहीये."

तिनं इस्त्री तापवली. बट बट घेऊन केस ओढले, सरळ केले. जळका वास खोलीभर पसरला. मग बेस. तिच्या रंगापेक्षा दोन छटा उजळ, मग तीन. कपाळ उजळ, नाकाच्या दोन्ही बाजूंना सावली म्हणजे ते बारीक दिसतं, ओठांची कड आतून. या कामात तिचा हातखंडा होता. तिचा हात एकदाही थरथरला नाही, आणि त्याचंच तिला मागाहून सर्वांत वाईट वाटलं. लेक डोळे मिटून मुकाट बसली होती, लहानपणी कांजिण्यांना औषध लावून घेताना बसायची तशी.

फोटो निघाले. आदल्या दिवशी मैत्रिणीनं काढलेला एक साधा फोटोही मोबाइलमध्ये होता. लेकीनं दोन्ही शेजारी शेजारी धरले. "कुठला बरा दिसतो? खरं सांग."

इतक्या वर्षांत शेकडो नट्यांनी तिला हे विचारलं होतं आणि तिनं पटकन सांगितलं होतं. आज जीभ रेटेना. साध्या फोटोतली मुलगी तिला जिवापलीकडे आवडत होती, पण त्या मुलीला पुढं कोणी बोलावणार नाही हेही तिला पक्कं माहीत होतं.

"दोन्ही छान आहेत," ती म्हणाली.

लेकीनं उजळ फोटो पाठवला. दोन दिवसांत बोलावणं आलं. त्या सकाळी ती चेहरा धुऊन, केस नुसते बांधून निघाली. कुरळीताईनं विचारलं, "करून देऊ का?" तर म्हणाली, "नको. समोरासमोर बघतीलच की." जेवणाच्या आधीच ती परत आली. चपला काढल्या, पाणी प्यायली.

"काय म्हणाले?"

"काही नाही. फोटोतली मुलगी का नाही आली म्हणाले."

"मग तू काय म्हणालीस?"

"येईल म्हटलं," लेक म्हणाली आणि ताट वाढून घेतलं. आजीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. कशाबद्दल ते आजीला माहीत नव्हतं. पोर दमून आलीय एवढंच तिला दिसत होतं.

आता लेक एका कंपनीत फोनवर बोलायचं काम करते. आवाज चांगला आहे, गिऱ्हाईक खूश असतं. नाटकाचं नाव काढत नाही आणि कुरळीताईही काढत नाही. मालिका अजून चालूच आहे. कुरळीताई रोज वेळेवर जाते, नायिकेच्या गालावर हलका बेस फिरवते, केस मोकळे सोडते. मधूनच ती पोरगी आरशातून विचारते, "ताई, तुमची लेक कशी आहे हो? हात किती सुंदर होते तिचे."

"बरी आहे," कुरळीताई सांगते आणि तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवते.